बंद कपाटातला वास

दुकानातल्या काचेच्या बंद कपाटात ठेवलेल्या टाचण्या आठवडाभरात गंजल्या. त्याच पाकिटातल्या उरलेल्या टाचण्या नळाशेजारच्या ओल्या कट्ट्यावर पडून होत्या. त्या चकचकीत राहिल्या.

कपाटाच्या मधल्या फळीवर बसलेल्या कचकड्याच्या, म्हणजे जुन्या सेल्युलॉइडच्या, बाहुलीला याचे मुळीच नवल वाटले नाही. तिचे डोके आतून पोकळ होते. काचेचे डोळे, ते मिटवणारे शिशाचे वजन आणि एक लोखंडी तार यांखेरीज त्यात काही नव्हते. पण किळस यायला तेवढे पुरत असावे, कारण तिला बहुतेक सगळ्या जगाची किळस येत असे.

जुन्या घरी तीन पिढ्यांच्या मुलींनी तिच्या गालांचे ओले मुके घेतले होते. अर्धवट चघळलेला पाव तिच्या रंगवलेल्या ओठांवर चोळला होता. एकीने तर तिच्या फ्रॉकला नाक पुसले होते आणि वर तिलाच 'शेंबडी' म्हणून हाक मारली होती. पुढे घरच्या मालकिणीने तिला काचेच्या पेटीत घातले आणि धुळीचा कणही आत जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेने मेण भरले, तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले.

मग पेटीत वास येऊ लागला. आधी कापरासारखा, नंतर आंबूस, झोंबणारा. फ्रॉकचा निळा रंग विटला. कमरपट्ट्याच्या पितळी बकलावर हिरवी बुरशीसारखी पूड जमली. बाहुलीने निदान केले: मुलींची लाळ. इतकी वर्षे मुरलेली लाळ याहून वेगळे काय करणार? एक दिवस घरातल्या सुनेने झाकण उघडले, नाकाला रुमाल लावला आणि बाहुलीची तंगडी दोन बोटांत धरून तिला कचऱ्याच्या डब्यात सोडले.

डब्यात तिच्या पाठीखाली माशांची आतडी होती. पोटावर कंगव्यातून काढलेल्या केसांचा ओला गुंता होता आणि कानाशी कुणाच्या तरी लहान मुलाला पुसलेला कापूस. माश्या तिच्या उघड्या डोळ्यांवर चालत होत्या. आडवी पडली तर डोळे मिटायचे, पण तिला उभी खोचली होती. इथे परत यायचे नाही, एवढीच एक इच्छा तिने त्या डब्यात धरली आणि नंतर कधी सोडली नाही.

तिथून तिला बाहेर काढले ते बाहुल्या दुरुस्त करणाऱ्या बाईने. गल्लीच्या टोकाला तिचे आणि तिच्या थोरल्या बहिणीचे दुकान होते.

"हे काय उचलून आणलंस?" थोरली म्हणाली. "लोक आपल्याकडे बाहुल्या आणतात आणि परत नेतात. तू उकिरड्यावरून दत्तक घ्यायला लागलीस तर बसवायचं कुठं?"

"कपाटात. असा चेहरा आता बघायला मिळत नाही, ताई."

"चेहरा बघितलास. वासही घे जरा."

"धुतली की जाईल."

धुतल्यावर वास खरोखर गेला. थोरलीने कपाटाच्या दारांना धूळ अडवणारी रबरी पट्टी लावली होती. दार बंद झाले की आतली हवा आतच. बाहुलीला ही जागा पसंत पडली. शेजारी मात्र पसंत पडले नाहीत. डावीकडे भुसा गळणारे कापडी अस्वल, मागे चिनीमातीच्या तोंडाची एक बाई, आणि उजवीकडे तिच्यासारखाच कचकड्याचा खलाशी. काही दिवसांत तोच वास पुन्हा आला. चिनीमातीच्या बाईची तांब्याची साखळी हिरवी पडली. खलाशाच्या गालावर तपकिरी, चिकट थेंब फुटले आणि ते हनुवटीपर्यंत ओघळले. बाहुलीला ओकारी येण्याची सोय नव्हती, म्हणून ती नुसती बघत राहिली.

"ही आली आणि हे सुरू झालं," थोरली गंजलेल्या टाचण्या पुढे करत म्हणाली. "लोकांनी हिला उगाच नाही टाकली. काहीतरी बाधा असणार."

"बाधा टाचण्या गंजवत बसेल? दुसरा उद्योग नाही तिला?"

"तू हस. मी हिला आजच डब्यात टाकते."

"थांब गं. घाम त्या खलाशाला फुटलाय, हिला नाही. आधी त्याला बाहेर काढून बघू."

खलाशाची रवानगी मागच्या खिडकीच्या उघड्या फळीवर झाली. बाहुलीला मनस्वी बरे वाटले. घाणेरडा गेला, आता वास जाईल.

वास गेला नाही. उलट वाढला. आणि खिडकीत खलाशाचा घाम हळूहळू वाळत चालला.

"आता?" थोरलीने विचारले.

धाकटीने झाकणाच्या चार बरण्या आणल्या. एकीत अस्वल, एकीत चिनीमातीची बाई, एकीत बाहुली. प्रत्येकीत एक नवी टाचणी, शिवाय एक टाचणी चौथ्या, रिकाम्या बरणीत.

"रिकामीत कशाला? भुताला जागा म्हणून?"

"काचेचा दोष नाही ना, ते कळायला."

बाहुली निर्धास्त होती. अस्वल तर दिसायलाच गलिच्छ होते. पण अस्वलाची टाचणी चकाकत राहिली, बाईचीही राहिली, रिकाम्या बरणीतलीही राहिली. बाहुलीच्या पायाशी पडलेली टाचणी तेवढी तांबडी झाली.

"मी काय म्हणत होते?" थोरली म्हणाली.

"बाधा म्हणत होतीस. बघू, कुठं बसलीय ती."

धाकटीने बाहुलीचा केसांचा टोप सोडवला, टोपाखालचे डोक्याचे झाकण उचकटले आणि चिमट्याने डोळ्यांची तार ओढली. तार खाल्ली गेली होती. तिचे दोन तुकडे हातात आले. डोळे निखळून मागे फिरले, आणि बाहुलीला आयुष्यात प्रथमच आतले दिसले. डोके आतून पिवळ्या-तपकिरी चिकट्याने माखले होते. भिंतींना भेगा पडल्या होत्या, भेगांतून थेंब पाझरत होते आणि तळाशी गंजाचा लगदा साचला होता. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा इतके ओंगळ काही तिने पाहिले नव्हते.

थोरली दोन पावले मागे सरली. "टाक ते."

"टाकायला नको. कपाटात मात्र ठेवायची नाही. खिडकीत, उघड्यावर, एकटी राहू दे. आणि दिव्याजवळ अजिबात नको, कचकडं भडकन पेटतं."

"पण झालं काय हिला?"

तिला झाले होते ते असे. कचकडे जुने झाले की आपोआप विघटते आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. लोखंडाची तार आत असली तर लवकर. उघड्यावर ती वाफ उडून जाते. बंद पेटीत किंवा कपाटात ती साठते, त्याच कचकड्याला आणखी कुजवते, आणि जवळच्या टाचण्या, तांबे, पितळ, कापडाचा रंग आणि शेजारचे कचकडेही खराब करते. खलाशाला लागण बाहुलीची झाली होती. मुलींच्या लाळेचा, अस्वलाचा किंवा कचऱ्याच्या डब्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. जुन्या घरच्या पेटीतला आणि दुकानातल्या कपाटातला वास तिच्या स्वतःच्या डोक्यातून येत होता.