थरथरत्या हाताची काडतुसं

मोंटानातल्या एका माळावर येत्या शनिवारी जुन्या धाटणीच्या बंदुकांची नेमबाजी होती, आणि तिथला नियम एकच: ज्याची काडतुसं त्यानेच भरायची. ऑर्लीनची बंदूक दीडशे वर्षांपूर्वीच्या बनावटीची हुबेहूब नक्कल होती. बंदुकीला काही झालं नव्हतं. झालं होतं ते ऑर्लीनला. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि उजवा हात जो थरथरू लागला, तो थांबेचना. तिने नवऱ्याला बजावलं होतं, "या खेपेला माझं मी भरू शकले नाही, तर बंदूक विकून टाकायची."

म्हणून सकाळपासून ती गॅरेजमधल्या टेबलाशी बसली होती. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर हातभर लांबीची पितळी नळी, नळीवर नरसाळं, आणि त्यात थरथरत्या हातातल्या मापातून चिमूट चिमूट सांडणारी बंदुकीची काळी दारू. वर पुठ्ठ्याची चकती, मग शिशाची गोळी.

"एक काडतूस होईपर्यंत नातवंडांची लग्नं उरकतील," तिचा नवरा वेंडेल म्हणाला.

"मग तू आहेर घेऊन बस."

चेष्टा करत होता खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोटाच्या खिशात त्याने स्वतः भरलेल्या वीस काडतुसांचा डबा लपवला होता. बायकोवरच्या प्रेमापोटी माणूस लबाडी करतो, आणि वर स्वतःला शहाणा समजतो.

दुपारी दोघं सरावासाठी कुरणात गेली. पाचशे यार्डांवर लोखंडी पत्र्याचा गवा उभा होता. ऑर्लीनने बंदुकीवरची वर-खाली सरकणारी नेमपट्टी जुन्या खुणेवर लावली आणि चाप ओढला. गोळी गव्याच्या पाठीवरून गेली आणि मागच्या टेकाडावर धूळ उडाली. दुसरी गोळीही वरूनच गेली.

वेंडेलने खिशातला डबा काढला. "राहू दे गं. शनिवारी ही घे, गुपचूप. कोण विचारतंय?"

ऑर्लीनने डब्याकडे पाहिलं. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. "दुर्बीण तुझ्याकडे आहे ना? दोन्ही गोळ्या कुठे पडल्या ते बघ आधी!"

त्याने पाहिलं. टेकाडावर दोन खड्डे होते, अगदी शेजारी शेजारी.

"भरण्यात खोट असती तर एक वर, एक खाली गेली असती," ती म्हणाली. "चिमूट चिमूट पडल्यामुळे माझी दारू नेहमीपेक्षा घट्ट बसलीय, गोळी जोरात जातेय. खूणच जुनी आहे."

तिने नेमपट्टी दोन रेघा खाली घेतली. नंतरच्या आठ गोळ्यांपैकी सात वेळा गवा ठणठणला.

मग वेंडेलने हट्टाने तिच्याच बंदुकीतून आपली पाच काडतुसं झाडली. दोन लागली, तीन पाचोळ्यासारखी भलतीकडेच गेली.

घरी येऊन तो आधी तिच्या टेबलाशी बसला. चाळीस वर्षं तो दारू एका दमात नळीत ओतत आला होता. आता माप धरून त्याने तिच्यासारखं मनगट हलवून पाहिलं. निम्मी दारू टेबलावर सांडली.

"घाई कशाला करतोस?" ऑर्लीन त्याच्यामागे येऊन उभी राहिली. आपला थरथरता हात तिने त्याच्या मनगटावर ठेवला. "हं, आता ओत."