चादरीखालची आंघोळ

"अगं, चादर कुठंय?" आई अंधारात एवढ्या मोठ्याने बोलली, की पुढच्या रांगेतल्या चौघांनी माना वळवल्या.

पडद्यावर शवागारात काम करणारी बाई एका मेलेल्या म्हातारीला आंघोळ घालत होती. म्हातारी पूर्ण उघडी. कॅमेरा जागचा हलत नव्हता. मी घड्याळ लावून पाहिलं, दृश्य सात मिनिटं चाललं. तेवढ्यात तीसेक माणसं उठून गेली. उरलेल्यांनी सिनेमा संपल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आई सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या शवागारात हेच काम करते. ती बाई झालेल्या नटीने तीन आठवडे तिच्या शेजारी उभं राहून ते शिकून घेतलं होतं. भूमिका दुय्यम, पण भाव खाऊन गेली तीच. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघणं, मानेखाली तळवा सरकवणं, "थोडं कुशीवर व्हा हं," असं मेलेल्या बाईला सांगणं, सगळं हुबेहूब आईचं. फक्त चादर नव्हती. आई चादरीखालूनच धुते. एक हात बाहेर काढायचा, धुवायचा, पुसायचा, आत ठेवायचा. मग दुसरा. तिथे बघायला कोणी नसतं, तरीही.

बाहेर नटी फुलं घेऊन उभी होती. आईला बघताच धावत आली.

"मावशी, कसं वाटलं?"

"चादर का काढलीस?"

"दिग्दर्शक म्हणाले, झाकलं की प्रेक्षकाला पळवाट मिळते. दोन दिवस भांडले हो मी त्यांच्याशी."

"आणि मग काढलीस."

नटीने फुलं दुसऱ्या हातात घेतली.

"वाईट काम केलं असतंस ना, तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "लोक हसले असते नि विसरले असते. तू इतकं खरं केलंस, की आता ते उघडं ठेवणंही खरंच वाटणार."

"आई, सिनेमा आहे तो," मी म्हटलं.

"तू मला शिकवू नकोस! शेवटी आभारात माझं नाव आहे, दिसलं ना?"

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकाबाईही सिनेमाला आल्या होत्या, त्या जिन्याशी घुटमळत होत्या. त्यांची आई गेल्या वर्षी त्याच रुग्णालयात वारली. माझ्या आईनेच तिला धुतलं होतं.

"ताई, एक विचारू? आमच्या आईलाही... असंच ठेवलं होतं?"

आईचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ही बाईंवरही कडाडणार. तिने त्यांचं मनगट धरलं, भिंतीलगतच्या बाकावर त्यांना आडवं केलं, माझ्या अंगावरची शाल ओढली आणि त्यांच्या गळ्यापासून पावलांपर्यंत पसरली.

"हे बघा. एवढाच हात बाहेर. इथे पाणी. पुसला. आत."

लोक वळसा घालून जात होते. कोणीतरी फोटो काढायला फोन वर धरला. आईने वर न बघताच आपली पाठ मधे आणली. दुसरा हात झाला. शाल बोटभरही सरकली नाही. मग एक पाय.

"पटलं?"

बाई छताकडे बघत होत्या. "पटतंय हो. पण तेव्हा मी बाहेर बसले होते ना."

दुसरा पाय राहिला होता. आई गुडघ्यांवर टेकली आणि शालीचं टोक घोट्यापर्यंतच उचललं.