चाखल्याची सही

शाळेच्या स्वयंपाकघराचा नियम कडक. घंटेच्या अर्धा तास आधी मुख्य आचारणीने चाखायचं, वाढपाच्या खिडकीजवळच्या फळ्यावर सही करायची, मगच ताटं लावायची. मुख्य आचारीण मी. आणि गेल्या तापापासून वीस दिवस माझ्या जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी घरीच बसवलं असतं. मग काय, अंदाजपंचे मीठ टाकायचं आणि सही ठोकायची. रोज निभावून जायचं.

आज दुधाचं सूप होतं, पीठ लावून दाट केलेलं. चमचा तोंडात घातला. गरम लागलं, एवढंच कळलं.

"जमलंय ना, ताई?" धाकट्या जावेनं मास्कमधून विचारलं. ती माझ्या हाताखालीच कामाला आहे.

"न जमायला काय झालं?" म्हटलं आणि सही केली.

पहिली रांग पहिलीच्या वर्गाची. त्यात माझी नात; तिच्यामुळे सगळा वर्ग मला आजीच म्हणतो. अकरा वाट्या वाढल्या. नातीच्या मागून आलेली बारावी मुलगी तिथंच उभ्या उभ्या एक घोट प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आजी, हे आंबट आहे."

जावेनं मास्क खाली ओढून पातेल्याचा वास घेतला.

"ताई, दूध नासलंय. तुम्ही चाखलंत ना?"

चाखलं तेव्हा चांगलं होतं, हे खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण पलीकडे टेबलांवर चमचे वाजत होते. हातातला वाढायचा डाव टाकून मी धावले. चमचे खाली ठेवा, म्हणून ओरडले. आवाज ऐकून बाई आल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळ्या पोरांदेखत त्यांना खरं सांगून टाकलं.

दहा वाट्या जवळजवळ भरलेल्या निघाल्या. एक चाटूनपुसून रिकामी. नातीची.

आता तिला शाळेच्या दवाखान्यात निजवलंय. नर्सबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. मी तिच्या कपाळाला हात लावून बसलेय. दर दोन मिनिटांनी विचारतेय, मळमळतंय का गं?

"आंबट होतं, आजी," ती म्हणाली.

"अगं, मग संपवलंस कशाला?"

"फळ्यावर तुझी सही होती ना."

एवढं बोलून तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला.