मांडणीशेजारचा स्पीकर

मी एक स्पीकर बोलतोय. आजवर नेहमी दुसऱ्यांचंच गाणं वाजवत आलो, त्यामुळे स्वतःची हकीकत सांगताना जरा चाचरतोय. नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पण प्रयत्न करतो.

मी एकटा नाही. माझ्यासारखाच एक भाऊ उजव्या बाजूला असतो, मी डावा. आमची उंची हातभरसुद्धा नाही. पोटात चुंबक, पुढे काळा कागदी पडदा आणि पाठीला श्वास घ्यायला एक गोल भोक. एवढाच आमचा देह.

कारखान्यातून आम्ही कोल्हापुरात आलो ते शाहूपुरीत, अमरसिंहांच्या दुकानात. गिऱ्हाइकांना ऐकवायला त्यांनी आम्हाला वरच्या फळीवर ठेवलं. खाली कमरेइतके उंच स्पीकर उभे होते. आत येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे जायचा आणि छाती हादरते का, एवढंच विचारायचा. एका धिप्पाड पावण्यानं माझ्या डोक्यावर टिचकी मारून विचारलं होतं, "आणि ह्यो काय, त्येचा पोरगा हाय व्हय?" दुकानभर हशा झाला. मलाही वाटू लागलं, आपण खरंच अपुरे आहोत की काय.

मग एक दिवस भाऊसो आले. गारगोटीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, डॉक्टरेट मिळवलेले, पण चप्पल बाहेर काढावी की घालूनच आत यावं, याचाही दारात उभं राहून विचार करणारे. त्यांनी हळूच सांगितलं, "रॉक ऐकायचंय. खोली लहान आहे. दहा बाय दहा."

अमरसिंहांनी मान वर करून बघितलं. "सर, खोली सांगणारं तुमी पहिलंच. हितं समदी गल्ली केवढी हाय त्ये सांगत्यात."

भाऊसोंच्या येण्यामागचं कारण मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांची नात संघप्रिया पुण्यात शिकता शिकता एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे गाण्याचा खालचा, जाड सूर. बँडनं पहिलं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तसं तिनं ते आज्ज्याच्या मोबाईलवर पाठवलं. भाऊसोंनी मन लावून ऐकलं. गाणारा ऐकू आला, ड्रम ऐकू आले, नात काही सापडेना. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी तिला फोनवर विचारलं, यात तू कुठं आहेस? ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आज्जा. माझं कुणालाच ऐकू येत न्हाय. मी सोडणारच हाय ते."

ते वाक्य भाऊसोंच्या मनातून जाईना. आधी त्यांनी आपल्या कानांवर संशय घेतला. डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयानुसार बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, खालचे सूर मात्र उत्तम आहेत. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की मोबाईलच्या एवढ्याशा तोंडातून तो जाड सूर बाहेर पडतच नसावा. ती पुढच्या रविवारी घरी येणार होती. त्याआधी तिला एकदा नीट ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

निवड काही सोपी नव्हती. त्यांनी उंच स्पीकर ऐकले, आम्हाला ऐकलं, पुन्हा उंच ऐकले. घरी जाऊन वाचलं आणि नवी शंका घेऊन परत आले. शेवटी अमरसिंहांनीच सांगितलं की दहा बाय दहाच्या खोलीत मोठे स्पीकर ठेवले तर खालचे सूर कोपऱ्यात तुंबतात आणि सगळ्या गाण्याचं पिठलं होतं. हे लहान बरे, फक्त भिंतीला चिकटवू नका. "घरी न्हेऊन ऐका सर. न्हाय पटलं तर आणा की माघारी."

असे आम्ही अँप्लिफायरसकट रिक्षात बसून घरी आलो. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दिवाण, त्यावर वाकळांची चळत, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि समोर आक्काताईंची मांडणी. आक्काताई म्हणजे भाऊसोंच्या पत्नी. लग्नापासून नातवंडांच्या बारशापर्यंत आलेलं प्रत्येक ताट, तांब्या, पातेलं, देणाऱ्याचं नाव कोरलेलं, त्या मांडणीत उभं होतं. बरीचशी भांडी कधी वापरलेलीही नव्हती. पण आत ठेवली तर देणाऱ्याला काय वाटेल, म्हणून पाहुण्यांच्या डोळ्यांसमोरच. आम्हाला जागा मिळाली ती मांडणीच्या दोन्ही बाजूंना, स्टुलांवर. भिंतीपासून वीतभर पुढं. भाऊसोंनी ते दोनदा मोजलं.

त्यांनी नातीचं गाणं लावलं. मी जीव ओतून वाजलो. पण खालचा सूर आला की झर्रर्र असा एक घाणेरडा आवाज उठायचा आणि नेमका तोच सूर त्याखाली गाडला जायचा. भाऊसोंनी गाणं थांबवलं, परत लावलं. पुन्हा तेच. माझ्या पडद्यावर अगदी हलका हात ठेवून ते म्हणाले, "फाटलाय वाटतं. नाहीतर मीच चुकीचं निवडलं."

मला सांगायचं होतं की मी धड आहे. पण दिलेलं सोडून वेगळं काही बोलायची मुभा मला नाही. आक्काताई म्हणाल्या, "अवो, पोरगी येऊ दे तरी." भाऊसोंनी ऐकलं नाही. वायरी काढून त्यांनी आम्हाला खोक्यात घातलं. सोमवारी आम्ही परत जाणार होतो. खोक्याच्या अंधारात मला पुन्हा ती टिचकी आठवली.

रविवारी संघप्रिया आली, आणि न सांगता बँडमधल्या तिघांना घेऊन आली. आक्काताईंची धांदल उडाली. रोजची ताटं पुरेनात, तेव्हा त्यांनी मांडणीतली ठेवणीतली ताटं, वाट्या, तांबे, सगळं खाली उतरवलं, विसळलं. जमिनीवर पंगत बसली. मटणाचा वास खोक्यातसुद्धा आला.

संघप्रियाला आमचं खोकं दिसलं. भाऊसो ओशाळून म्हणाले की फसलो बाई, उद्या परत न्यायचेत. तिनं उष्ट्या हातानंच खोकं ढकलत दिवाणाजवळ नेलं आणि हात धुऊन, आम्हाला बाहेर काढून वायरी जोडल्या. "एकदा लावू तरी, आज्जा."

गाणं सुरू झालं. खालचा सूर आला. झर्रर्र नाही. काहीच नाही. नुसता तो सूर, गोल आणि गरम, खोलीभर चालत गेला. वाकळांच्या चळतीनं उरलासुरला गलका पोटात घेतला. भाऊसोंचा घास हातातच राहिला. आपल्याला परवा भास झाला की आज होतोय, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात आक्काताई आतून एक घासलेलं ताट घेऊन आल्या आणि सवयीनं मांडणीत उभं केलं. लगेच झर्रर्र. त्यांनी ताट उचललं, आवाज बंद. ठेवलं, आवाज सुरू. सगळी पोरं हसून लोळायला लागली. आक्काताई मात्र ताटावरचं नाव वाचत शांतपणे म्हणाल्या, "थोरल्या वन्संचं हाय. त्या कुठं गप बसत्यात?"

भाऊसो हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते. एक बोट गुडघ्यावर चालत होतं. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "तू सापडलीस. सगळं गाणं तुझ्याच पाठीवर बसलंय की."

थोरांनी कौतुक करायचंच असतं, असं संघप्रियाच्या चेहऱ्यावर होतं. मग भाऊसो अडखळत, चाचरत म्हणाले, "एक विचारू? माझंच चुकत असेल. दुसऱ्या कडव्यात, ड्रम थांबतो तिथं, तू थोडी आधी आलीस का?"

तिघं मित्र एकमेकांकडं बघू लागले. तिचे डोळे भरले, आणि ती हसत होती. "व्हय आज्जा. स्टुडिओत कुणालाच कळलं न्हाय ते."

जाताना तिनं बँड सोडायचा विषय काढला नाही. भाऊसोंनीही विचारलं नाही.

आम्ही परत गेलो नाही. मांडणीत आता ताटांच्या मधे जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आहेत. वन्संबाईंचं ताट आत, रोजच्या जेवणात गेलंय. आमच्या डोक्यावर आक्काताईंनी क्रोशाचे रुमाल घातलेत. भाऊसो संध्याकाळी ते काढून, घडी करून, मग गाणं लावतात. अजूनही त्यांना शंका येते की निवड बरोबर झाली ना. येऊ दे. त्या शंकेपायी ते रोज नव्यानं कान देतात.

तुमच्याकडे कुणी माझ्यासारखा असेल, तर एवढंच मागणं आहे. आवाज खराब आला तर लगेच त्याला खोक्यात घालू नका, आणि स्वतःच्या कानांनाही बोल लावू नका. आधी आसपास काय थरथरतंय, त्यावर हात ठेवून बघा.

आता थांबतो. भाऊसो रुमाल काढतायत. पुण्याहून नवं गाणं आलंय, आणि त्याच्याखाली संघप्रियानं लिहिलंय, "आज्जा, ह्यात चूक शोधून दावा."