दहा वर्षांची घासाघीस

घरात त्याला सगळे तराजू म्हणत आणि त्याला त्याचा रागही येत नसे. नवं औषध सरकारने पदरमोड करून द्यावं इतकं मोलाचं आहे का, हे ठरवणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. सध्या हात थरथरण्यावरचं औषध आलं होतं. महाग, पण गुणकारी. आईचे हात थरथरत, म्हणून ते मंजूर व्हावं असं त्याला मनापासून वाटे. घोडं पेंड खात होतं ते रुग्णांपाशी. "थरथर जाणार असेल, तर आयुष्यातल्या पुढच्या दहा वर्षांतली किती वर्षं द्याल?" असं विचारलं की जो तो म्हणे, एकही नाही. म्हणजे हिशेबाने जाच शून्य, आणि औषधाचं मोलही शून्य! अहवाल उद्या द्यायचा होता.

शेवटी त्याने तोच प्रश्न घरी विचारून पाहिला. आई चहा पीत होती. म्हणजे कप तिच्या हातात आणि तिचा हात बाबांच्या हातात.

"एक दिवससुद्धा देणार नाही," आई म्हणाली.

"अगं, निदान सहा महिने?"

"भाजी घेतोयस का? नाही म्हटलं ना!"

"माझ्यातली दोन वर्षं घे," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडे शिल्लक आहेत का?" आईने फटकारलं.

"बाबा, तुमची चालत नाहीत. रुग्णाचीच लागतात," तराजू म्हणाला. बाबा हिरमुसले आणि कप विसळायला आत गेले.

"आई, खरंच त्रास नाही?"

"आहे की. साधं बटण लागत नाही." आईने आवाज खाली आणला. "पण उभ्या जन्मात या माणसाने माझा हात धरला नव्हता रे. आता चहाला धरतो, जिन्यावर धरतो. हात बरा झाला की सोडेल ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या रुग्णांशेजारी घरचं कुणीतरी बसलेलं असे, आणि त्यांना तराजूने कधी काही विचारलंच नव्हतं. त्याने तडक साहेबांना फोन लावला. "अहवाल उद्या नको. हात धरणाऱ्यांना विचारायचं राहिलंय."

बाबा बाहेर आले, तसा तो म्हणाला, "बाबा, आईचा हात बरा झाला तरी धरायचा बरं का."

"बरा झाल्यावर कशाला? लोक काय म्हणतील!"

"बघ! म्हणून एक दिवससुद्धा नाही," आई म्हणाली.

बाबा तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"अहो, चहा संपला."

"माहितेय."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. "सहा महिने लिही," ती तराजूला म्हणाली. "वर एक दिवस मागू नकोस."