गोल टेबलाची पाचवी खुर्ची

जावयाने सगळा विचार घरूनच करून ठेवला होता. मिळणार होतं ते सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, ऐन चौकातलं, दोन्ही रस्त्यांकडे तोंड असलेलं. जाणार होतं ते दोन माणसांच्या जेवणाचं बिल. असला सौदा सोडणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर बायकोला घाबरणारा. जावई संत नव्हता, आणि आपल्या बॅगेत बक्षीसपत्राची तीन पानं आहेत हे त्याने बायकोला सांगितलंच नव्हतं. नवरा बाबांना बाहेर जेवायला नेतोय, एवढंच तिला ठाऊक. बिचारीने कौतुकाने त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली.

जर्मन हॉटेल निवडलं त्यातही डोकं होतं. सासऱ्यांनी चाळीस वर्षं जर्मन घड्याळांची पोटं उघडली होती, पण जर्मन जेवणाचा घास कधी तोंडात गेला नव्हता. शिवाय सासूबाई गेल्यापासून म्हातारा दिवसभर दुकानात घड्याळांशीच बोलायचा. कुणी चार शब्द प्रेमाने बोललं तर असा माणूस लोण्यासारखा वितळतो, हे जावयाने बरोबर हेरलं होतं.

शनिवारी दुपारी एक वाजता दोघं पोचले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण आत काळपट लाकडाच्या भिंती आणि बाटलीच्या बुडासारख्या जाड हिरव्या काचा. सगळी टेबलं भरलेली. कोपऱ्यातलं एक मोठं गोल टेबल तेवढं मोकळं, पाच खुर्च्यांचं. गंमत म्हणजे एवढ्या गर्दीत त्या कोपऱ्याकडे कुणी मान वळवूनही बघत नव्हतं.

"तिथे बसतो," जावई म्हणाला.

वाढणारी बाई पिकल्या केसांची, कडक एप्रनची होती. "ते नेहमीच्या मंडळींचं टेबल आहे. तिथे भिंतीकडची एकच खुर्ची रिकामी आहे."

"बाई, मला पाच दिसतायत."

"तुम्हाला दिसतील," ती शांतपणे म्हणाली.

सासरे हसले. "जावईबापू, चला घरी. मला कुठे एवढी भूक आहे!"

घरी? छे! बॅगेतली पानं जावयाला टोचत होती. त्याने भिंतीकडची खुर्ची ओढली. "बाबा, तुम्ही वडीलधारे. आधी तुमचा मान. मला एक स्टूल दिलंत तरी चालेल."

बाईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "म्हणजे यांना तुम्ही बसवताय?"

"हो हो, मीच बसवतोय."

"ठीक आहे." तिने स्टूल आणून दिलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "या टेबलावर एकेकाशी हात मिळवत बसत नाहीत. बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचं, की सगळ्यांना नमस्कार पोचला."

सासऱ्यांनी लाकडावर दोनदा टकटक केलं. चारही रिकाम्या जागांवरून दोनदा टकटक झालं.

"पाइप असेल खाली," जावई म्हणाला. त्याने वाकून पाहिलं. खाली पाइप नव्हता. चार खुर्च्या मात्र माणूस बसल्यावर असतात तशा, टेबलापासून जरा मागे सरकलेल्या होत्या.

मेनूकार्ड आलं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "एवढं लांब नाव? हा पदार्थ आहे की पोस्टाचा पत्ता?" शेवटी बाईनेच ठरवलं: भाजलेले सॉसेज, आंबवलेली कोबी, बटाट्याचे गोळे आणि बिअर. बिअरचे ग्लास तिने सहा आणले. प्रत्येकाखाली पुठ्ठ्याची चकती ठेवली आणि पेन्सिलीने तिच्यावर हिशेबाची एकेक रेघ मारली.

"आम्ही दोघंच आहोत," जावई म्हणाला.

"बाकीच्यांचं त्यांच्या चकतीवर," बाई म्हणाली आणि गेली.

सासऱ्यांनी कोबी चाखली. "आपल्या विहीणबाईंचा चेहरा आठवला," ते म्हणाले. विहीणबाई म्हणजे जावयाची आई. पण आज तो हेही हसून गिळायला तयार होता. मग सासरे मान कलती करून डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले. हळूहळू चेहरा खुलला आणि ते खो खो हसले.

"काय झालं बाबा?"

"अहो, हे काय म्हणतायत ऐकलंत ना? एका गिऱ्हाइकाने दुरुस्त केलेलं घड्याळ परत आणलं, म्हणे बंद होतं तेव्हा दिवसातून दोनदा तरी बरोबर असायचं, तुम्ही दुरुस्त केल्यापासून एकदाही नाही!" त्यांनी डोळे पुसले. "घड्याळजीच आहेत तेही. आमच्याच लाइनचे."

जावयाने समोर पाहिलं. चारही ग्लासांमधली बिअर खाली चालली होती. कुणी ग्लास उचलत नव्हतं. फेसाची कड तेवढी काचेवरून उतरत होती, घोटाघोटाने, मध्ये थांबून, बोलता बोलता प्यावी तशी.

शहाणा माणूस इथे उठला असता. जावईही अर्धा उठला होता. पण सासऱ्यांचा एवढा खुललेला चेहरा त्याने लग्नानंतरच्या सहा वर्षांत पाहिला नव्हता, आणि अशी वेळ पुन्हा येणार नाही हे त्याला कळत होतं. त्याने बॅग उघडली.

"बाबा, ते दुकानाचं आपण बोललो होतो ना..."

"आपण कुठे? तुम्हीच बोलत होता." पण आवाजात राग नव्हता. "आणा. आता दुकानात कुणाशी बोलायला जायचंय मला?"

पहिल्या पानावर त्यांनी झोकात सही केली. दुसऱ्या पानावर हात टेकला, तेव्हा जावयाला त्या मनगटातून ताटाची निळी कड दिसली. आधी वाटलं, उजेडाचा खेळ असेल. मग कोटाच्या बाहीतून खुर्चीची पाठही दिसायला लागली. सासरे मात्र डावीकडे बघून मान डोलवत होते, मध्येच कुणाला तरी "छे हो, स्प्रिंगच बदलायला हवी" म्हणत होते.

हात धरून ओढलं असतं तर ते उठले असते. जावयाला हे त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणखी एक सही बाकी होती, हेही तितकंच स्वच्छ कळलं.

त्याने पान उलटलं.

तिसऱ्या सहीची शेवटची रेघ ओढली गेली आणि पेन टेबलावर आडवं पडलं. खुर्चीत कुणी नव्हतं. ताटात अर्धा बटाट्याचा गोळा होता, त्यात रुतलेला काटा जरा हलला आणि थांबला. मग पाचव्या ग्लासातली बिअर घोटाने खाली गेली.

"बाबा?" तो म्हणाला. मग ओरडलाच, "बाबा!" शेजारच्या टेबलावरच्या बाईने आपल्या मुलीचं नाक पुसलं आणि पुन्हा जेवायला लागली. कुणी वळून बघितलं नाही.

वाढणारी बाई स्टूल न्यायला आली. "आता टेबल भरलं," ती म्हणाली.

"त्यांना उठवा! मी त्यांना घेऊन आलोय!"

"घेऊन आलात आणि बसवलंतही तुम्हीच. मी विचारलं होतं."

त्याने पाकीट काढलं. तिने मान हलवली. "नवीन आलेला पहिल्या दिवशी सगळ्यांचं देतो. तुमचंही त्यांनीच दिलं."

घरी बायको दारातच उभी होती. "बाबा कुठे?"

"तिथे त्यांना मित्र भेटले," तो म्हणाला. "बसलेत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती खूश झाली. "बरं झालं बाई. कधीपासून कुणाशी धड बोलले नव्हते. किती वाजता येतील?"

पुढे शोधाशोध झाली, पोलिसांत नोंद झाली, हॉटेलातल्या लोकांनी हात वर केले. अजूनही तिला कुणी विचारतं, वडील आहेत का तुझे? ती तोंड उघडते आणि गप्प बसते. आहेत म्हणावं तर दाखवता येत नाहीत. गेले म्हणावं तर कुणी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या मरणावर रडायला मन धजत नाही.

तर झालं ते असं. जेवणाचे पैसे सासऱ्यांनी दिले. दुकान जावयाला मिळालं, तेही पदरचा छदाम न मोडता. किंमत भरली ती शर्टाला इस्त्री करून देणारीने, आणि अजून ती भरतेच आहे.