उसनं संकट

अमरावतीत त्या साली कुणाचंच वाईट चाललं नव्हतं, आणि जयवंताबाईची पंचाईत नेमकी तिथंच होती.

सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडं तोंड फिरवलं. तिकडं माणसं मरत होती, इकडं बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं चढत होती. जयवंताबाईचा नवरा सूर्यभान कापसाच्या खेपा अकोल्याला नेई. दोन बैलजोड्या, कवेलूच्या छपराचं घर, पुढं ऐसपैस अंगण. बाईच्या अंगाला साधी खोकल्याची उबळ नाही. असल्या माणसानं देवावर भरवसा ठेवला काय आणि न ठेवला काय, कुणाला कळणार?

आणि कळायला तर हवं होतं, कारण बाई ख्रिस्ती झाली होती. नुसती झाली नव्हती, सगळ्यांच्या आधी झाली होती. नागपुराहून उपदेशक महादेवराव आले तेव्हा गावात बाप्तिस्म्याचं पहिलं पाणी पडलं ते हिच्या डोक्यावर. आता मंडळीत जेमतेम आठ घरं. बायका रोज सकाळी हिच्याच अंगणात सहा रेचे मांडून बसत आणि दांडा फिरवत कापसातून सरकी काढत. काम चालू असतानाच कुणीतरी एकजण उठून सांगे, की आपल्या अडचणीत देवानं कसं सांभाळलं. महादेवराव त्याला चिंतन म्हणत. जयवंताबाई त्याला मान म्हणे. पोळ्याला पहिली जोडी पाटलाची निघते; तसं अंगण माझं, पहिलं पाणी माझं, तर बोलायचा मानही माझा, असा तिचा सरळ हिशेब. गावाची बाकीची रीत तिनं मागं सोडली होती, एवढी मात्र पदरात बांधून आणली होती. देवाच्या घरी पाटीलकी नसते, असं महादेवरावांनी तिला दोनदा समजावलं. तिनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बोलली.

मग मैनाबाई आली.

तिचा नवरा नत्थुजी आगगाडीच्या नव्या सडकेवर मातीच्या भरावाच्या कामाला होता. अकोल्याच्या अलीकडं बोरगावपाशी पटकीनं एका दिवसात गेला. सून ख्रिस्ती म्हणून सासरच्यांनी दार लावून घेतलं. बाई एका घोंगडीनिशी पायी अमरावतीला आली. महादेवरावांनी तिला सातवा रेचा दिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मैनाबाई, आज तुम्ही बोला.”

मैनाबाई उठलीसुद्धा नाही. बसल्या जागी म्हणाली, “रोज पायटे मले वाटते, आज काही उठनं होत नाही. मंग मी म्हनते, बाप्पा, दिवसभराचं मले झेपत नाही, तू मले फक्त चुलीपावतर ने. चुलीपावतर गेली का म्हनते, आता रेच्यापावतर. असा तो मले थोडं थोडं पुढे नेऊन राहिला.”

बस, एवढंच. पाच रेचे थांबले. जयवंताबाईनं मोजले. सहावा तिचा स्वतःचा, तो तिनं मुद्दाम जोरानं फिरवला.

आजवर ती बोलताना कधी एकापेक्षा जास्त रेचा थांबला नव्हता. तोही म्हाताऱ्या पार्वताबाईचा, आणि पार्वताबाईला सकाळी डुलकी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून जयवंताबाईच्या मनात दोन बाजू मांडल्या गेल्या. मैनाबाईच्या बाजूला : नवरा नाही, घर नाही, माहेर नाही. आपल्या बाजूला : एक दुखरी दाढ. त्या दाढेवरही तिनं एकदा चिंतन करून पाहिलं. रात्रभर ठणका होता, पण प्रभूवर भार टाकला, असं गळा भरून सांगितलं.

“दाढेवर लवंग ठेव व माय,” पार्वताबाई म्हणाली, “प्रभूले दुसरे कामं हायेत.”

बायका खुदकन हसल्या. मैनाबाई हसली नाही, आणि तेच जयवंताबाईला जास्त झोंबलं. हसली असती तर निदान तिच्या नावावर एक खोट तरी लागली असती.

माघात सूर्यभान अकोल्याला गेला आणि ठरल्या दिवशी परतला नाही. दोन दिवस वर झाले. तिसऱ्या सकाळी मैनाबाईनं तोंड उघडायच्या आत जयवंताबाई उभी राहिली.

“काल बडनेऱ्याहून एक गाडीवान येऊन गेला,” तिनं सुरुवात केली. इथवर खरं होतं. अकोल्यात गाड्यांची एवढी गर्दी आहे की कापूस उतरवायला तीन तीन दिवस लागतात, एवढंच तो सांगून गेला होता. बाईला तेवढंच सांगायचं होतं. पण तिनं पाहिलं, तर फक्त दोन रेचे थांबले होते. “त्यानं सांगतलं,” ती म्हणाली, आणि जिभेनं आपला रस्ता आपण धरला, “आमच्या धन्याले पटकी झाली.”

सगळे रेचे थांबले.

पार्वताबाईनं पदर डोळ्यांना लावला. महादेवराव तिथंच मातीत गुडघ्यांवर आले. “तरी माया भरवसा ढळला नाही,” जयवंताबाई म्हणाली, आणि तिला जे सुख झालं ते तिला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

प्रार्थना संपली. मैनाबाई उठली आणि कमरेला पदर खोचला.

“उतरले कुठे ते?”

“बाजारापाशी. तुले काहून पाहिजे?”

“मी जाते.”

“अवं, तू कुठे जातं? तीस कोस!”

“मले वाट माहीत हाय. नत्थुजीले पानी पाजाले कोनी नव्हतं. मी पोचली तवा ओठ वाळले होते.” तिनं घोंगडी घेतली. “तुया नवऱ्याचं तसं नाही होऊ द्याचं.”

जयवंताबाई तिच्यामागं फाटकापर्यंत धावली. खरं सांगायचं तर तिथंच सांगता आलं असतं. पण मागं पाच बायका मान उंच करून बघत होत्या.

फाटकाशी मैनाबाई हळूच म्हणाली, “मले त्या वाटेचं लय भेव वाटते व. बोरगावच्या पुढे मायाच्यानं पाय टाकनं होईन का नाही, देव जाने. मी रोज भरवसा भरवसा करते ना, तो माया जवळ नसते म्हनून करते. कोनाले सांगू नको. अन् मी येईपावतर तू बोलत जा. तुयाच अंगनातला मान हाय तो.”

ती निघून गेली आणि जयवंताबाई जळत उभी राहिली. मान दिला म्हणे! जणू तिच्या बापाचा होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यभान दोन्ही गाड्या घेऊन दारात उभा. चेहरा टवटवीत, तोंडात पान. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर गर्दी, म्हणून दर्यापूरवरून आला होता.

“परमेश्वरानं ऐकलं!” पार्वताबाई ओरडली. पाहता पाहता आठही घरं अंगणात जमली.

“मले काय धाड भरली होती?” सूर्यभान म्हणाला.

“गप बसा,” जयवंताबाईनं त्याच्या दंडाला चिमटा घेतला. “तुमाले शुद्ध नव्हती.”

महादेवरावांचे डोळे पाणावले होते. “उद्याचं चिंतन जयवंताबाईंचं,” ते म्हणाले. “आणि मैनाबाई सुखरूप परतावी म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा. पायी गेली ती! पटकीच्या तोंडात!”

“तिच्यासारखी तीच,” पार्वताबाई म्हणाली. “आपुन नुसतं रडलो, ते उठून गेली.”

झालं. नवरा हिचा, पटकी हिची, चमत्कार हिचा. आणि कौतुक पुन्हा मैनाबाईचंच.

सकाळी सहाजणी बसल्या. सातवा रेचा तसाच, शेजारी अर्धी टोपली कापूस मैनाबाई ठेवून गेली तसा. जयवंताबाई उभी राहिली आणि तोंड उघडायच्या आधीच एकूण एक दांडा थांबला. याची तिनं किती वाट पाहिली होती! पण तिची नजर त्या सातव्या रेच्यावर गेली. मैनाबाईनं एव्हाना मूर्तिजापूर ओलांडलं असेल. आज संध्याकाळी बोरगाव. जिथं पाय उचलत नाही म्हणाली, ते बोरगाव. तिथून पुढं गेलीच, तर अकोल्याच्या बाजारात प्रत्येक गाडीखाली वाकून विचारील, की पटकी झालेला सूर्यभान कुठं आहे.

तिनं सवयीनं दोन्ही बाजू मांडल्या. गप्प राहिलं, तर मैनाबाई संतीण होऊन परत येणार. खरं बोललं, तर मैनाबाई आजच संतीण, आणि आपण खोटारड्या. कसंही केलं तरी लाभ तिचाच. हे कळलं तेव्हा खोटं जपण्यात काही राम उरला नाही. आणि ते सुटलं, तशी त्याखाली दाबून ठेवलेली भीती वर आली.

“याहीले काहीच झालं नव्हतं,” ती गोठ्यापाशी उभ्या सूर्यभानकडं बोट करून म्हणाली. “गाडीवान गर्दी म्हनाला. पटकी मी म्हनली.”

पार्वताबाई म्हणाली, “अवं, तुया जिभेले हाड हाय का नाही?”

महादेवरावांनी डोळे मिटले. प्रार्थना करतील असं वाटलं. ते म्हणाले, “सूर्यभान, गाडी जुंपा.”

रिकामी गाडी, ताजी जोडी, तरी वाट सरेना. सूर्यभान बोलत नव्हता. तो बोलत नसला म्हणजे बैलांशी फार बोले. जयवंताबाईनं देवाकडं मोठं काही मागायचा प्रयत्न केला, पण मोठं काही तोंडात येईना. शेवटी ती पुटपुटली, “बाप्पा, बडनेऱ्यापावतर ने.” बडनेरा आलं. “आता मूर्तिजापूरपावतर.” तिथं मुक्काम पडला. सकाळी, “आता बोरगावपावतर,” म्हणताना तिच्या ध्यानात आलं, की ही प्रार्थनासुद्धा मैनाबाईची. स्वतःची म्हणून एक प्रार्थना असू नये माणसाला! तरी तिनं तीच पुन्हा म्हटली. दुसरी येत नव्हती.

बोरगावच्या पुढं भरावाच्या उतरणीला बाभळीखाली मैनाबाई बसली होती. तळपाय सुजलेले, घोंगडी मांडीवर. सूर्यभानला पाहून ती ताडकन उठली.

“भाऊ! तुमी जिते हा!” आणि ती रडायलाच लागली.

सूर्यभान उगाच बैलाची वेसण नीट करू लागला. जयवंताबाई गाडीतून उतरली.

“मैना, याहीले काही झालंच नव्हतं. मी खोटं बोलली.”

“काहून?”

“तू बोलली का रेचे थांबतात. मी बोलली का फिरत राहतात.”

मैनाबाईनं डोळे पुसले.

“माया नवरा मेला म्हनून थांबतात व ते,” ती म्हणाली. “तुले तसे थांबवाचे हायेत?”

मैनाबाई गाडीत चढली आणि जयवंताबाईकडं पाठ करून बसली. मूर्तिजापूर गेलं. जयवंताबाईनं भाकरी पुढं केली, ती तिनं घेतली, पण वळली नाही. बडनेऱ्याच्या वेशीशी पहिल्यांदा बोलली.

“माया रेचा कोनी फिरवला तं नाही?”

“नाही.”

“उद्या कोन बोलन?”

“तूच बोल.”

“मी नाही. मी त्या बाभळीखाली सकाळपासून देवाले म्हनून राहिली होती, का मायाच्यानं उठनं होत नाही, कोनाले तरी पाठव. अन् त्यानं कोनाले पाठवलं? तुले!” ती आता वळली. “मले त्याचा राग हाय अजून. तुया तं हायच. तू बोल.”

दुसऱ्या सकाळी सातही रेचे मांडले गेले. जयवंताबाई बसल्या जागीच बोलली. “मले मैनाबाईचा हेवा वाटते. रोज वाटते. आज सकाळीही वाटला. बाप्पाले म्हटलं, मले दुपारपावतर ने, मंग पाहू.”

मोजायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तिनं मोजले. चार रेचे कुरकुरत फिरत होते. पार्वताबाईचा थांबला होता, पण तिची मान छातीवर आली होती. आणि मैनाबाईचा दांडा थांबला होता. ती ऐकत होती, की तिच्या टोपलीतला कापूस संपला होता? जयवंताबाईनं मान वाकडी करून टोपलीत डोकावायचा प्रयत्न केला.

“पायतं काय?” मैनाबाई म्हणाली. “बोल पुढे.”